काउचडीबीची 'रेव्ह' आणि गिटची कमिट

"काउचडीबी प्रत्येक दस्तऐवजाला रिव्हिजन क्रमांक देते, म्हणजे जुन्या आवृत्त्या तिथेच जपलेल्या असतात, मग गिटवर बांधलेली वेगळी लायब्ररी कशाला?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे भाग आहे.

काउचडीबी ही दस्तऐवज साठवणारी डेटाबेस प्रणाली, तर गिट हे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन. गिट तुम्ही रोज वापरता, म्हणून त्याविषयी थोडक्यात. गिटवर बांधलेली दस्तऐवज-साठवण आतून फार साधी असते: एका दस्तऐवजाची एक जेसन फाइल (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकूर), ती साठवली की एक कमिट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद), आणि इतिहास मागितला की त्या फाइलपुरता लॉग, म्हणजे कमिटांची यादी. पायथनमधली डलविच किंवा सीमधली लिबगिट-टू ही गिट हाताळणारी लायब्ररी हाताशी असली, की बाकीचे काम फारसे उरत नाही.

घोळ होतो तो काउचडीबीच्या बाजूला. तिच्या दस्तऐवजात 'अंडरस्कोर रेव्ह' नावाचे एक क्षेत्र असते. त्यात '३-' असा अंक आणि त्यापुढे ३२ अक्षरांची खूण असते. तो ३ पाहून माणूस गृहीत धरतो की पहिली आणि दुसरी आवृत्ती आत कुठेतरी ठेवलेली आहे. पण हे क्षेत्र त्यासाठी नाहीच. तुम्ही पाठवलेला बदल कोणत्या आवृत्तीवर बेतलेला आहे हे सर्व्हरला कळावे, आणि दरम्यान दुसऱ्या कोणी तोच दस्तऐवज बदलला असल्यास तुमचा बदल ४०९ हा कोड देऊन नाकारता यावा, एवढ्यासाठी ते असते. जुना मजकूर काही काळ डिस्कवर राहतो, कारण काउचडीबी फाइलच्या शेवटी नवे लिहीत जाते. पण कॉम्पॅक्शन (जागा मोकळी करण्यासाठी फाइलची आवराआवर) झाले की तो मजकूर जातो आणि फक्त क्रमांकांची साखळी उरते, तीही मुळातल्या मांडणीनुसार १००० क्रमांकांपर्यंतच. ३.० आवृत्तीपासून कॉम्पॅक्शन आपोआप चालते. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिसावेत आणि फेरफार नोंदवहीतली पाने मात्र फाडलेली असावीत, तशी ही स्थिती आहे.

मी हे एकदा प्रत्यक्ष भोगले आहे. एका संस्थेची नियमावली आम्ही काउचडीबीत ठेवली होती आणि वर्षभराने सभेत प्रश्न निघाला की वर्गणीचे कलम दुरुस्तीपूर्वी नेमके काय होते. सर्व्हरला 'रेव्ह्ज इन्फो', म्हणजे रिव्हिजनची यादी, मागितली, तेव्हा अकरा क्रमांक आले; सर्वांत वरच्यापुढे 'अव्हेलेबल' आणि उरलेल्या दहांपुढे 'मिसिंग'. दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीनेही उपयोग झाला नाही, कारण रेप्लिकेशनमध्ये (एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर प्रत नेताना) प्रत्येक शाखेच्या टोकाची आवृत्तीच पाठवली जाते. मधल्या आवृत्त्यांचा मजकूर त्या प्रतीत पोहोचेलच असे नसते. चूक काउचडीबीची नव्हती. रिव्हिजनचा वापर इतिहासासाठी करू नये, असे तिच्या माहितीपुस्तिकेतच बजावलेले आहे.

गिटमध्ये मात्र मागची कमिट हा पुढच्या कमिटचाच भाग असतो. प्रत्येक कमिटमध्ये तिच्या पूर्वजाचा हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेली खूण) लिहिलेला असतो आणि त्यावरूनच तिचा स्वतःचा हॅश निघतो, त्यामुळे मधली एक कमिट गुपचूप काढून टाकता येत नाही. गिटसुद्धा साफसफाई करते, पण कोणत्याही शाखेवरून (कमिटांच्या साखळीवरून) किंवा टॅगवरून (कमिटला दिलेल्या नावावरून) पोहोचता येत नाही असेच ऑब्जेक्ट काढते. शाखा जागेवर आहे तोवर दहा वर्षांपूर्वीचे कलमही शब्दशः परत मिळते.

बाकीचे भेद किरकोळ आहेत. शोधासाठी काउचडीबीकडे व्ह्यू (दस्तऐवजांवरून तयार केलेल्या सूची) आहेत, गिटकडे तसे काहीच नाही. दोन ठिकाणी वेगवेगळे बदल झाले, तर काउचडीबी एका ठरावीक नियमाने विजेती आवृत्ती निवडते आणि हरलेली बाजूला ठेवते. गिट ओळींची तुलना करते आणि जमले नाही तर थांबते.

याच कारणाने गिटमध्ये अख्खे जेसन एका ओळीत कोंबलेले पाहिले की मला वाईट वाटते. वर्गणीचा आकडा बदलला तरी डिफमध्ये (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या यादीत) संपूर्ण दस्तऐवज बदललेला दिसतो आणि दोघांचा कोणताही बदल एकमेकांवर आदळतो. लायब्ररीने प्रत्येक 'की' (जोडीतले नाव) स्वतंत्र ओळीवर आणि वर्णक्रमानेच लिहावी. ही गोष्ट वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये. कमिटचा संदेशही सक्तीचा असावा, कारण 'अपडेट' एवढाच शब्द लिहिलेल्या शंभर कमिटांतून दुरुस्तीचे कारण कधीच सापडत नाही.

माझी निवड स्पष्ट आहे. नियम, करार, ठराव, अभ्यासक्रम अशा, माणसे सावकाश बदलतात त्या मजकुरासाठी गिट. सेकंदाला शेकडो नोंदी येणार असतील तर काउचडीबी. काउचडीबीतच राहून इतिहास हवा असेल, तर प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र दस्तऐवज म्हणून साठवावी. आणि लोकांची खासगी माहिती गिटमध्ये ठेवू नये: ती पुढे पुसायची झाली, तर त्या जागेपासूनची प्रत्येक कमिट नव्याने लिहावी लागते आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्या सगळ्यांना ती टाकून द्यायला सांगावे लागते.