गिरणगावची खानावळ, हातगाडी आणि जमीन: एक पार्श्वभूमी

मुंबईत जुन्या वस्तीचा पुनर्विकास सुरू झाला की तिथल्या खाण्याच्या गाड्यांचे काय होणार, हा प्रश्न बहुधा सगळ्यात शेवटी निघतो. लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड आणि वरळी या गिरणगावच्या पट्ट्यात तरी तो शेवटी ठेवून चालत नाही, कारण इथल्या खाण्याचा इतिहास आणि जमिनीचा इतिहास सुरुवातीपासूनच एकमेकांत गुंतलेले आहेत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिथे प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढत गेल्या तसे कोकण आणि घाटावरून माणसांचे लोंढे मुंबईत आले. हे बहुतेक एकटे पुरुष होते; बायकामुले आणि शेतीचा तुकडा गावी ठेवून आलेले. राहायला मिळे ती चाळीतली एखादी खोली, आणि तीही गाववाल्यांबरोबर वाटून घेतलेली. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोलीही जेमतेम १६० चौरस फुटांची होती. एका पाळीचे लोक कामावर असताना दुसऱ्या पाळीचे तिथे झोपत. अशा खोलीत प्रत्येकाने आपली चूल मांडणे शक्यच नव्हते.

त्यातून खानावळ उभी राहिली. ही खानावळ म्हणजे पाटी लावलेले हॉटेल नव्हे. ज्या थोड्या कामगारांचे कुटुंब मुंबईत होते, त्यांच्या घरातील बाई आपल्या स्वयंपाकात दहा-पंधरा जणांचे जेवण वाढवून घेई आणि पगाराच्या दिवशी महिन्याचे पैसे घेई. महिनाभराचे धान्य वाण्याकडून उधारीवर येई आणि भांडवल सावकाराकडून, त्यामुळे राबणूक बाईची आणि नफ्याचा मोठा वाटा व्याजाचा, असा हा हिशेब होता. गोवा मुक्तिलढ्यातून पुढे आलेल्या आणि कामगार चळवळीत मुरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते या खानावळवाल्यांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. मुंबईच्या खाण्याच्या इतिहासात या बायकांना मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही, असे माझे मत आहे. वडापावाची जन्मकथा मात्र प्रत्येकाला तोंडपाठ असते.

ती कथा अशी की, १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली. पहिला मान कोणाचा यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत, पण हा पदार्थ गिरणगावाच्या उंबरठ्यावर रुजला याबद्दल दुमत नाही. पोर्तुगीजांकडून गोव्यात आलेला पाव तिथल्या बेकरीवाल्यांबरोबर मुंबईत आधीच स्थिरावला होता आणि बटाटावडाही ओळखीचा होता. नवे होते ते पाळीच्या वेळेत बसणारे खाणे: ताट नको, बसायला जागा नको, एका हातात धरून चालता चालता संपेल आणि पोट भरेल असे. शिवसेनेची स्थापनाही १९६६ चीच. उडुपी हॉटेलांच्या विरोधात मराठी माणसाचे खाणे म्हणून पक्षाने पुढे वडापावाच्या गाड्यांना पाठबळ दिले आणि गाडीला राजकीय छत्र मिळाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकरीत्या मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. गिरण्या आजारी ठरत गेल्या आणि एकामागून एक बंद पडल्या. कामगार गावी परतले तशी खानावळवाल्यांची गिऱ्हाइके आटली, थकलेली उधारी बुडाली. जे मुंबईतच राहिले त्यांतल्या अनेकांनी भाजीची, भज्यांची किंवा वडापावाची गाडी लावली. गिरणी कामगारांसाठी उभा राहिलेला पदार्थ असा बेकार झालेल्या गिरणी कामगारांचाच धंदा झाला.

यानंतर प्रश्न उरला गिरण्यांखालच्या सुमारे ६०० एकर जमिनीचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे साधारण तीन सारखे वाटे करायचे ठरले होते: एक महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मधील दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. सार्वजनिक वाटा आक्रसला आणि फिनिक्स मिलच्या जागी मॉल, कमला मिलच्या आवारात कार्यालये, उपाहारगृहे आणि पब आले. डिसेंबर २०१७ मध्ये याच आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. नव्या खाद्यगृहांना सुरक्षित आणि जुन्या गाड्यांना धोकादायक समजण्याची जी सवय शहराला लागली आहे, ती तपासून पाहण्यासाठी ही घटना पुरेशी होती.

हातगाड्यांचे गिऱ्हाईक मात्र संपले नाही, फक्त बदलले. कार्यालयातील शिपाई, सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी, डिलिव्हरीची मुले आणि पगाराच्या शेवटच्या आठवड्यातला कारकूनही तिथेच खातो. हा नवा कर्मचारीवर्ग ज्या स्थानकांतून ये-जा करतो, ती गिरण्यांच्या काळात बांधलेली होती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांनी जीव गमावला. त्यानंतरचा रोष फेरीवाल्यांवर वळला. पुलाची रुंदी आणि भोवतीची वाढलेली गर्दी यांचा हिशेब कोणी फेरीवाल्यांकडे सोपवला नव्हता; तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१७ मधील निर्णयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई झाली. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २०१४ मध्येच झाला होता, पण सर्वेक्षण, परवाने आणि विक्री क्षेत्रे ठरवण्याचे काम रेंगाळत राहिले. गाडीवाल्याची गाडी उचलायची तर पालिकेला एक गाडी पुरते, जागा द्यायची तर समिती लागते.

लालबागच्या चिवडा गल्लीत आणि मसाल्याच्या बाजारात अजून गर्दी असते, कारण तिथला माल घरी नेऊन खाण्याचा आहे, दुकानाला पक्का गाळा आहे आणि मिरची कुटून घ्यायला लोक उपनगरांतूनही येतात. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीला तसा आधार नाही.

ताजा पेच पावाचा आहे. मुंबईतील अनेक जुन्या बेकऱ्यांच्या भट्ट्या लाकडावर चालतात. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. धुराचा त्रास शेजारच्या चाळीलाच आधी होतो, त्यामुळे आदेशामागील कारणाला आक्षेप घेणे कठीण आहे. मात्र नवी भट्टी बसवायला भांडवल लागते, जुन्या बेकरीत पाइप गॅस पोहोचेलच असे नाही, आणि पावाची किंमत वाढली तर ती वडापावाच्या दरातूनच भागवावी लागणार आहे.