सारखं डोकं दुखतंय? डॉक्टरांना मनाचंही सांगा

कधीतरी डोकं दुखलं आणि एका गोळीने थांबलं, तर काळजी नको. हे पत्रक आमच्या मेडिकलमधून दर आठवड्याला डोकेदुखीची स्ट्रिप नेणाऱ्यांसाठी आहे.

महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखतंय आणि तीन महिने झाले, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यात १५ दिवस, किंवा कॅफीन मिसळलेल्या गोळ्या १० दिवस, असं महिनोन्‌महिने चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. ‘आज दुखेल’ या धास्तीने आधीच गोळी घेणारे यात लवकर अडकतात.

अर्धशिशी असलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंतेचे आजार इतरांपेक्षा साधारण दुपटीने दिसतात. दुखण्याने झोप, काम, माणसांत मिसळणं सुटतं आणि मन खचतं. खचलेल्या मनाला झोप लागत नाही आणि अपुऱ्या झोपेने पुन्हा डोकं उठतं. मनाशी संबंध आहे म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. घरच्यांनी ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

चिठ्ठीवर अमिट्रिप्टिलिन दिसलं की बरेच जण दचकतात: ‘ही तर डिप्रेशनची गोळी!’ हे औषध मूळचं नैराश्यावरचंच, पण रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत ते डोकेदुखी वारंवार होऊ नये म्हणून देतात, नैराश्य नसलेल्यांनाही. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला गुंगी येते, तोंड कोरडं पडतं. डॉक्टरांना न विचारता स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. मात्र एवढ्या मात्रेने नैराश्य सहसा हटत नाही. म्हणून उदासी, धडधड, पहाटे जाग येणं, कशात गोडी न वाटणं, हे डोकेदुखीइतकंच स्पष्ट सांगा. उपचार दोन्हींवर व्हायला हवेत.

जाताना कॅलेंडर घेऊन जा. दुखलेल्या दिवशी खूण, घेतलेली गोळी आणि झोपेचे तास लिहिलेले असले की डॉक्टरांना बरंच कळतं.

अचानक असह्य दुखलं, तापासोबत मान आखडली, बोलताना जीभ अडखळू लागली, हातपाय लुळे पडले, तर थेट हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली, तरी लगेच तपासून घ्या.

जगणं नकोसं वाटत असेल तर एकटे राहू नका, घरच्यांना सांगा. सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकाला दिवसरात्र कधीही फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं.