घटनादुरुस्तीची मागणी करताय? ठरावाआधी कलम तपासा

मराठवाड्यात अनेक ग्रामसभा घटनादुरुस्तीचे ठराव करतात, शिक्का मारून तहसीलला देतात आणि पोच जपून ठेवतात. पुढे तो कागद ‘योग्य कार्यवाहीस्तव’ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहतो. कलम ३६८ प्रमाणे घटनादुरुस्तीची सुरुवात फक्त संसदेतल्या विधेयकाने होते. ग्रामसभा किंवा जिल्हा परिषदच काय, विधानसभेलाही तो अधिकार नाही. विधानसभेने ठराव केला तरी ती केंद्राकडे केलेली शिफारसच. हे लोकांना पहिल्याच खिडकीवर कुणी सांगत नाही, याचा राग येतो.

त्याआधीचा प्रश्न म्हणजे, तुमच्या मागणीला घटनादुरुस्ती लागते का? स्वतंत्र मराठवाडा राज्यासाठी ३६८ ची वाट नाहीच. कलम ३ खाली राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येते, राज्य विधिमंडळाचे मत मागवले जाते (ते बंधनकारक नसते) आणि संसदेत साधे बहुमत पुरते. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तिथेही घटनादुरुस्ती लागत नाही. अशा विकास मंडळांची तरतूद करणारे कलम ३७१(२) घटनेत १९५६ पासून आहे. १९९४ ला मंडळ आले ते त्याखालच्या आदेशाने, म्हणून मागणी आदेशाची करा, दुरुस्तीची नको.

आरक्षणाच्या निवेदनांत हमखास एक वाक्य असते: ‘५० टक्क्यांची अट घटनेतून काढावी.’ काढायला ती घटनेत बसवलेली तर हवी! ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून आली. कलम १६(४ख) मध्ये ५० टक्क्यांचा उल्लेख आहे, पण तो मागच्या वर्षांच्या न भरलेल्या जागांपुरता. म्हणजे मागायचा तो नवा मजकूर. आर्थिक दुर्बल घटकांसाठी २०१९ ला १५(६) आणि १६(६) ही नवी पोटकलमे घातली, तसा. आणि तो मजकूर न्यायालयात मूलभूत चौकटीच्या (संसदेलाही मोडता न येणाऱ्या घटनेच्या गाभ्याच्या) कसोटीवर तपासला जाईल, हेही धरून चाला.

नागरिकाला थेट वापरता येणारा मार्ग म्हणजे लोकसभेकडे याचिका. इथेच जास्त कागद परत येतात. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत लागते. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवे, आणि त्या भाषांतरावरही अर्जदाराची सही हवी. हा कागद बहुतेकांकडे नसतो. दुसरी चूक सह्यांची. कोऱ्या कागदांवर गावभर सह्या घेतात आणि मागून टाचतात. प्रत्येक सहीच्या पानावर वरती मागणीचा मजकूर पुन्हा लिहिलेला असला पाहिजे, मूळ याचिकेच्या पानावर निदान एक सही किंवा अंगठा हवा, आणि प्रत्येक सहीदाराचे पूर्ण नाव-पत्ता. कात्रणे, ठरावाच्या नकला, प्रतिज्ञापत्रे जोडू नका, कोणतीही जोडपत्रे चालत नाहीत. खासदारामार्फत सादर होणार असेल तर त्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. विषय न्यायप्रविष्ट असेल तर याचिका स्वीकारली जात नाही, म्हणून मजकूर लिहिण्याआधीच ते तपासा.

खासदाराला खासगी विधेयक मांडायला सांगता येते. एक महिन्याची नोटीस, विधेयकाचा मसुदा, उद्देश व कारणांचे निवेदन, खर्च येणार असेल तर वित्तीय निवेदन. लोकसभेत खासगी घटनादुरुस्ती विधेयक मांडण्याआधी समितीकडून तपासले जाते. मात्र १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही. म्हणून ‘विधेयक दिले’ या बातमीवर फटाके वाजवू नका. सरकारने स्वतः विधेयक आणावे यासाठी रेटा लावा.

मतदानाचे गणित दोन पायऱ्यांचे आहे: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. लोकसभेत ५४३ पैकी किमान २७२ हवेतच. ४०० जणांनीच मतदान केले तर दोन तृतीयांश २६७ होतात, पण २७२ शिवाय भागत नाही. दुसरी पायरी किती निसरडी, ते १९७० ला राज्यसभेत दिसले. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याच्या विधेयकाला १४९ होकार, ७५ नकार. २२४ चे दोन तृतीयांश १४९.३३. एक मत कमी पडले, विधेयक पडले. एका सभागृहाने अडवले तर संयुक्त बैठकही बोलावता येत नाही.

राज्यांची मंजुरी कधी लागते, यात तर केंद्र सरकारच फसले आहे. सातव्या अनुसूचीतल्या सूच्या (केंद्र, राज्य आणि दोघांच्या सामाईक विषयांच्या याद्या), केंद्र-राज्य कायदेविषयक अधिकार, उच्च न्यायालये, संसदेतले राज्यांचे प्रतिनिधित्व, राष्ट्रपतींची निवडणूक आणि खुद्द ३६८ अशा बाबींना हात लावला, की निम्म्या राज्य विधिमंडळांचे ठराव हवेत. आज २८ पैकी १४. साखर कारखाने आणि सोसायट्यांच्या या भागात सहकारी संस्थांबाबतची ९७ वी घटनादुरुस्ती आठवत असेल. सहकार हा राज्यसूचीतला विषय. तरी राज्यांची मंजुरी घेतली नाही. तिच्यानुसार महाराष्ट्राने २०१३ ला आपला सहकार कायदाही बदलला. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतला राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता भाग रद्द केला.

याउलट जीएसटीच्या घटनादुरुस्तीच्या वेळी ऑगस्ट २०१६ मध्ये राज्यांनी पटापट ठराव केले, महाराष्ट्राने २९ ऑगस्टला. राज्याच्या ठरावाला साधे बहुमत पुरते, पण ३६८ मध्ये त्याला मुदत दिलेली नाही. विधेयक राज्यांच्या मंजुरीपर्यंत पोहोचले, तर पाठपुरावा आमदाराकडे करायचा, खासदाराकडे नव्हे. शेवटची सही राष्ट्रपतींची, आणि १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून ती द्यावीच लागते.