मांजर सूड म्हणून सोफ्यावर मुतत नाही

‘तुम्ही गावाला गेलात म्हणून त्याने राग काढला, नाक त्या डागावर घासा म्हणजे अद्दल घडेल’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे आणि क्रूरही. शिक्षा कशाची हे मांजराला कळत नाही. ते फक्त माणसाला घाबरायला लागतं, आणि घाबरलेलं मांजर उलट जास्त ठिकाणी मुततं.

कारण आधी शरीरात शोधा: मूत्राशयाला सूज, खडे, मधुमेह, म्हातारपणी दुखणारे सांधे. बोका सारखा जोर करतोय आणि थेंबभरच येतंय, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा उद्यावर ढकलू नका, एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. उभ्याने, शेपटी थरथरवत मारलेला फवारा वेगळा, ती हद्दीची खूण. नसबंदीने बहुतेक बोक्यांचा तो थांबतो.

मांजराचा शी-शूचा ट्रे रोज साफ करा, आणि घरात जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्तच ठेवा.

डागावर फिनाईल तर कृपा करून ओतू नका. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला झेपत नाही, आणि पंजे चाटले की ते पोटात जातं. लघवीचा वास मुळातून मोडणारा एन्झाइमवाला क्लीनर वापरा. वास राहिला तर मांजर पुन्हा तिथेच जाईल.