पुढचं कुठवर दिसतं? मर्यादित दूरदृष्टीच्या सिद्धांताची पार्श्वभूमी

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात जूनमध्ये उन्हाळ कांदा किलोला १८ रुपयांनी जातोय, असं धरू. कांदाचाळीत साठवलेला माल महिन्याला ८ टक्के घटतो, हेही धरू. हमाली, तोलाई, बारदान बाजूला ठेवू. महिनाभर थांबायचं तर जुलैत निदान १९ रुपये ५७ पैसे मिळायला हवेत. अंदाज १९चाच असेल, तर एक महिना पुढे बघणारा आजच माल काढतो. ऑक्टोबरपर्यंत बघणारा २८चा भाव धरतो: १०० किलोतले ७१.६ उरले तरी २,००६ रुपये, आज विकले तर १,८००. तो थांबतो. मात्र त्याच्यासारखेच बाकीचेही थांबले, त्यात दक्षिणेतला नवा लाल कांदा उतरला आणि भाव २५च्या खाली आला, की थांबणं अंगलट येतं.

या ‘कुठवर बघायचं’ला जुन्या खेळ-सिद्धांतात, म्हणजे समोरच्याची चाल धरून आपली चाल ठरवण्याच्या गणितात, जागाच नव्हती. गणितज्ञ झर्मेलोने १९१३मध्ये बुद्धिबळाबद्दल दाखवलं, की पांढरा तरी हमखास जिंकू शकतो, काळा तरी, नाहीतर दोघेही बरोबरी राखू शकतात. यात खेळाडूला शेवटपर्यंत सगळं दिसतं, असं गृहीतच होतं. शेवटाकडून मागे हिशेब करण्याच्या रीतीला अर्थतज्ज्ञ सेल्टेनने १९६५मध्ये अर्थशास्त्रात नेमकं रूप दिलं आणि १९७८मध्ये स्वतःच तिला अडचणीत आणलं. त्याचं उदाहरण असं: २० गावांत शाखा असलेलं दुकान, प्रत्येक गावात एकेक नवा स्पर्धक. हिशेब म्हणतो, शेवटच्या गावात भाव पाडून लढण्यात फायदा नाही, म्हणून एकोणिसाव्यातही नाही, म्हणजे पहिल्यातही नाही. आपण मात्र सुरुवातीला लढून दरारा बसवू, असं सेल्टेनने मोकळेपणी लिहिलं.

मॅकेल्वी आणि पाल्फ्री यांच्या १९९२च्या प्रयोगात दोन ढीग होते, ४० आणि १० सेंटचे. दोन खेळाडू आळीपाळीने चालत. ज्याची पाळी त्याने मोठा उचलला की खेळ संपला, डाव समोरच्याकडे सरकवला की दोन्ही ढीग दुप्पट. हिशेबाप्रमाणे पहिल्याच चालीला उचलायला हवं. ६६२ खेळांपैकी तसं झालं ३७ वेळा. यावरून लोक आखूड नजरेचे ठरत नाहीत, समोरच्यावरचा भरवसाही तेच घडवतो. २००२मधला जॉन्सन, कॅमेरर आणि सहकाऱ्यांचा सौदेबाजीचा प्रयोग जास्त बोलका. पुढच्या फेऱ्यांत वाटायच्या रकमा पडद्यावर झाकलेल्या होत्या, आणि काहींनी त्या उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत.

अर्थतज्ज्ञ सायमनने १९५५मध्ये माणसाच्या हिशेबाची मर्यादा मांडली होतीच. पण कामाचं तंत्र गणितज्ञ शॅननकडून आलं, १९५०मध्ये, तेही बुद्धिबळासाठी: काही चाली पुढे बघा, तिथे थांबा आणि पटावर उरलेल्याला किंमत लावा. वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३, प्यादं १. अर्थतज्ज्ञ झेहीलने १९९५मध्ये हाच तोकडा पल्ला आळीपाळीने चालणाऱ्या खेळांत बसवला: प्रत्येक जण मोजक्याच चालींचा अंदाज बांधतो, पण तेवढ्यापुरता तो अंदाज खरा ठरायला हवा.

गडबड होते ती या पल्ल्याच्या कडेवर, म्हणजे नजर जिथे थांबते तिथे. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममधला हा दोष संगणकशास्त्रज्ञ बर्लिनरने ओळखला: अटळ नुकसान मधल्या फालतू चालींनी पल्ल्याबाहेर ढकललं, की यंत्राला ते टळल्यासारखं वाटतं. चाळीतही तेच. दिसणाऱ्या शेवटच्या महिन्यात शिल्लक मालाला शून्य किंमत लावली, तर कांदा लवकर विकला जातो. गेल्या वर्षीचा तेजीचा भाव लावला, तर ‘अजून एक महिना’ करत कोंब फुटेपर्यंत राहतो. त्यामुळे पल्ला तीनचा की चारचा, यापेक्षा कडेवर लिहिलेला आकडा आधी तपासावा: त्या महिन्यात कोणत्या भागातली आवक सुरू होते आणि तोवर १०० किलोतले किती किलो विकण्यालायक उरतात.