ग्रॅहम लँड कोणतं आणि पामर लँड कोणतं?

अंटार्क्टिकाच्या नकाशात दक्षिण अमेरिकेकडे वळलेलं एक शेपूट दिसतं. ते अंटार्क्टिक द्वीपकल्प, लांबी सुमारे १३०० किलोमीटर. केप जेरेमी ते केप अगासिझ अशी रेघ ओढली, की तिच्या उत्तरेला ग्रॅहम लँड आणि दक्षिणेला पामर लँड. रेघ साधारण ६९ अंश दक्षिण अक्षांशावर येते. एवढं पाठ केलं तरी घोळ संपत नाही, कारण जुन्या नकाशांत ही दोन्ही नावं एकाच जागेची आहेत.

नॅथॅनिएल पामर हा सील मारणारा अमेरिकन खलाशी. नोव्हेंबर १८२०मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, 'हिरो' नावाच्या छोट्या गलबतातून त्याने हा किनारा पाहिला. ब्रिटिश म्हणणार, आमच्या नौदलातल्या एडवर्ड ब्रान्सफील्डने तो जानेवारीतच पाहिला होता. (तारखांच्या हिशेबात ते बरोबरच आहेत.) पुढे १८३२मध्ये ब्रिटिश खलाशी जॉन बिस्को तिथे पोहोचला आणि ब्रिटिश नौदल खात्याचे प्रमुख जेम्स ग्रॅहम यांचं नाव या भूमीला मिळालं. मग ब्रिटिश नकाशांत सगळं ग्रॅहम लँड आणि अमेरिकन नकाशांत सगळं पामर द्वीपकल्प! चिली आणि अर्जेंटिनाची नावं आणखी निराळी, ओ'हिगिन्स आणि सान मार्टिन.

१९६४मध्ये ब्रिटन-अमेरिकेने तडजोड केली. पूर्ण भूभागाला कुणाचंच नाव नको, आणि ग्रॅहम-पामर यांना एकेक तुकडा. वाटणी झाली खरी, पण पामरने पाहिलेला किनारा गेला ग्रॅहमच्या वाट्याला. शिवाय अमेरिकेचं पामर संशोधन केंद्र अँव्हर्स बेटावर आहे आणि ते बेट पामर द्वीपसमूहात. हे दोन्ही ग्रॅहम लँडच्या किनाऱ्यालगत! म्हणजे 'पामरला चाललोय' म्हणणारा संशोधक बहुतेक वेळा पामर लँडला जातच नसतो.

नावं बाजूला ठेवून जमीन पाहिली तर फरक पटकन कळतो. ग्रॅहम लँड अरुंद. मधे डोंगरांचा कणा, पश्चिमेला खाड्या आणि बेटं, हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. पर्यटकांची जहाजं आणि पेंग्विनचे फोटो येतात ते इथलेच. पामर लँड रुंद, बर्फाच्या जाड थराखाली दबलेलं. पश्चिमेला सहावा जॉर्ज सामुद्रधुनी आहे, पण ती हिमफळीने (पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थराने) झाकलेली, जहाजाला वाट नाही. ३२३९ मीटर उंचीचं माउंट होप हे शिखर याच भागात आहे.