अंगावर पिणाऱ्या बाळाची पातळ शी आणि जुलाब

दिवसभरात आठ लंगोट बदलले आणि प्रत्येकात पिवळी, पातळ शी. नव्या आईच्या मनात लगेच ‘जुलाब’ हा शब्द येतो. बहुतेक वेळा तसं काहीही नसतं.

पहिले दोन-तीन दिवस बाळाची शी काळपट हिरवी आणि चिकट असते. आईचं दूध भरपूर येऊ लागलं की ती पिवळी आणि सैल होते, तिच्यात फाटलेल्या दुधासारखे बारीक कण दिसतात, वास किंचित आंबूस येतो. आईच्या दुधात लॅक्टोज ही साखर भरपूर असते. ती लहान आतड्यात पूर्ण पचत नाही. उरलेली मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. पातळपणा आणि आंबूसपणा येतो तो यातूनच. शिवाय पोटात दूध पडताच आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून पिता पिताच शी होते. दिवसातून आठ-दहा वेळा झाली तरी ती या बाळाची रीतच असू शकते. साधारण सहा आठवड्यांनंतर हेच बाळ चार-पाच दिवसांतून एकदा शी करू लागलं, तरी शी मऊ असेल आणि बाळ नीट पीत असेल तर बद्धकोष्ठ समजू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शी म्हणजे अतिसार. पण अंगावर पिणाऱ्या बाळाची सैल, लिबलिबीत शी त्यात धरू नये, असंही तिथेच सांगितलं आहे. दुर्दैवाने घराघरांत पोचतो तो फक्त तीनचा आकडा.

जुलाब ओळखायचे ते बदलावरून. काल चार वेळा होती ती आज एकदम दहा वेळा झाली, कण नाहीसे होऊन नुसतं पाणी यायला लागलं, वास उग्र झाला, शेंबडासारखी आव किंवा रक्त दिसलं, तर ते दुखणं आहे. ताप किंवा उलट्या असतील तर शंका आणखी वाढते. एकट्या हिरव्या रंगाने मात्र घाबरू नये. पांढरट, खडूसारखी शी ही वेगळीच गोष्ट आहे: ती पित्ताच्या वाटेतला अडथळा सुचवते आणि लगेच डॉक्टरांना दाखवावी लागते.

शीपेक्षाही जास्त सांगतं ते बाळ स्वतः. निरोगी बाळ भुकेने रडतं, जोरात पितं, दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करतं आणि त्याचं वजन वाढत राहतं. जुलाबाचं बाळ किरकिरतं, पुढे मलूल होतं. पाण्यासारखी शी डायपरमध्ये शोषली गेली की लघवी झाली की नाही हेच कळत नाही. अशा वेळी काही तास साधा सुती लंगोट बांधलेला बरा.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते पातळ शी पाहून अंगावर पाजणं थांबवलं जातं तेव्हा. नेहमीची शी असेल तर थांबण्याचं कारणच नाही, आणि खरे जुलाब असतील तर आईचं दूध अधिकच हवं. जोडीला पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवलेली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर, चमच्याने, हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. शी बांधणारी औषधं तान्ह्यांना देऊ नयेत. लोपेरामाइडसारख्या औषधाने आतड्यांची हालचालच ठप्प होऊ शकते.

तीन महिन्यांखालच्या बाळाला जुलाबाची शंका आली तर त्याच दिवशी दाखवावं. कोणत्याही वयात टाळू किंवा डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनासे झाले, सहा तास लघवी झाली नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश बसली, शीत रक्त आलं किंवा बाळ पिईनासं झालं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.